द्रोग्बाने युद्ध थांबवलं, हे कितपत खरं?

रंकाळाकाठ

काल आमच्या पेठेतल्या फुटबॉल ग्रुपवर तो व्हिडिओ पुन्हा फिरत आला. सुदानमधल्या ओमदुरमानची ड्रेसिंग रूम, मधोमध स्ट्रायकर दिदिए द्रोग्बा माईक घेऊन उभा, भोवती पश्चिम आफ्रिकेतल्या त्याच्या देशाचा, आयव्हरी कोस्टचा अख्खा संघ. तो बोलता बोलता गुडघ्यांवर बसतो आणि बाकीचेही बसतात. खाली ओळ: 'एका खेळाडूने पाच मिनिटांत गृहयुद्ध थांबवलं.'

ज्यांनी तेव्हा पाहिलं नव्हतं त्यांच्यासाठी सांगतो. तारीख ८ ऑक्टोबर २००५, विश्वचषक पात्रतेचा शेवटचा दिवस. कॅमेरून एका गुणाने पुढे. आयव्हरी कोस्टने सुदानला ३-१ हरवलं, दिंदानचे दोन, अकालेचा एक. पण तिकडे याउंदेत कॅमेरून जिंकलं असतं तर सगळं पाण्यात. तिथे इजिप्तशी १-१ बरोबरी आणि जादा वेळेत कॅमेरूनला पेनल्टी! पिएर वोमेने मारलेला चेंडू खांबाला लागून बाहेर गेला. आयव्हरी कोस्ट पहिल्यांदाच विश्वचषकात. आणि अशा वेळी जल्लोष सोडून द्रोग्बा कॅमेऱ्यासमोर देशाला हात जोडतो. देशाचे तेव्हा दोन तुकडे झालेले, उत्तर बंडखोरांकडे, दक्षिण सरकारकडे.

मी तो व्हिडिओ कितीही वेळा पाहिला तरी गलबलतं. पण खालची ती ओळ मला खटकते. फुटबॉलने युद्ध थांबतं का? थांबत नसेल, तर मग त्या दिवशी नेमकं काय झालं? जाणकारांनी लिहावं.

बाळ्या_मिडफिल्ड

भारी धागा! तो संघ म्हणजे निव्वळ सोनं. कोलो तुरे, याया तुरे, झोकोरा, एबुए, कालू, दिंदान, द्रोग्बा. २००६ च्या विश्वचषकात गटात कोण, तर अर्जेंटिना आणि नेदरलँड्स! दोन्ही सामने १-२ ने गेले. सर्बिया-माँटेनेग्रोविरुद्ध ०-२ मागे पडून ३-२ जिंकले, तोवर बॅगा भरायची वेळ झाली होती. गट जरा सोपा मिळाला असता तर, राव...

पुणेरी_बालेवाडी

झोकोराला आपण पुण्यात पाहिलाय! २०१५ साली एफसी पुणे सिटीकडून बालेवाडीला खेळला. देशासाठी १२० हून अधिक सामने खेळलेला माणूस आपल्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर, आणि स्टेडियममध्ये माझ्या रांगेत कुणाला ठाऊकही नव्हतं हा कोण ते. मी मुलाला बोट दाखवून सांगितलं, नीट बघून ठेव.

अश्विनी_ल

रंकाळाकाठ, प्रश्न चांगला विचारलात. आधी घटनाक्रम, मग माझं मत.

१९ सप्टेंबर २००२ ला सैन्यातल्या एका गटाने बंड केलं. देशातलं सर्वात मोठं शहर आबिदजान त्यांच्या हाती लागलं नाही, पण बुआके, कोऱ्होगो आणि सगळा उत्तर भाग गेला. फ्रेंच फौज मध्ये उभी राहिली, २००४ पासून संयुक्त राष्ट्रांची शांतिसेनाही आली. म्हणजे २००५ पर्यंत मोठी लढाई जवळपास थिजली होती. अधूनमधून भडके उडत. नोव्हेंबर २००४ मध्ये सरकारी विमानांनी बुआकेवर केलेल्या हल्ल्यात नऊ फ्रेंच सैनिक मारले गेले आणि फ्रान्सने त्यांचं हवाई दलच उद्ध्वस्त केलं. पण रोजची लढाई नव्हती. होता तो मधोमध चिरलेला देश. तेव्हा 'भाषण झालं आणि बंदुका खाली पडल्या' हे चित्र चुकीचं आहे.

समझोता झाला ४ मार्च २००७ ला, वागादुगूमध्ये, राष्ट्राध्यक्ष बाग्बो आणि बंडखोरांचे नेते गियोम सोरो यांच्यात. सोरो पंतप्रधान झाले. भाषण आणि समझोता यांच्यात जवळपास दीड वर्ष गेलं, त्यामुळे श्रेय द्रोग्बाला देता येत नाही.

पण भांडण मुळात कशावरून होतं ते पाहिल्याशिवाय त्या भाषणाचं वजन कळणार नाही. पहिले राष्ट्राध्यक्ष ऊफूए-बोआन्यी यांच्या काळात कोकोच्या मळ्यांसाठी उत्तरेतून, बुर्किना फासो आणि मालीतून लाखो माणसं दक्षिणेत आली. कोको त्यांनी उभा केला. जगातला सर्वात मोठा कोको उत्पादक देश झाला तो त्यांच्या घामावर. पुढे भाव कोसळले, १९९३ मध्ये ऊफूए-बोआन्यी गेले, आणि नव्या राजकारण्यांनी 'अस्सल इव्हुआरियन (म्हणजे आयव्हरी कोस्टचा) कोण' हा वाद उकरून काढला. त्याच वादात उत्तरेचे अलासान वातारा यांना निवडणूक लढवू दिली नाही. तुरे, त्राओरे, कुलिबाली अशी आडनावं असलेला माणूस इथे जन्मला असला तरी संशयित. नाकाबंदीवर त्याचं ओळखपत्र फाडून टाकायचे.

आता संघाकडे बघा. तुरे बंधू बुआकेचे, आडनाव उत्तरेचं. द्रोग्बा बेते समाजाचा, बाग्बोही बेतेच. ज्याच्या आडनावावर नाकाबंदीला अडवायचे तो देशाची बचावफळी सांभाळतोय आणि राष्ट्राध्यक्षांच्या समाजातला खेळाडू त्याच्या गळ्यात हात टाकून उभा आहे. भाषणात उत्तर, दक्षिण, मध्य, पश्चिम सगळ्यांची नावं घेतली ती उगाच नाहीत. माझ्या मते तो संघच 'अस्सल कोण' या प्रश्नाचं उत्तर होता.

कावेरी_सा

अश्विनीताई, किती स्वच्छ लिहिलंत. ओळखपत्र फाडणं हा भाग मला माहीतच नव्हता.

मीनल_पॅरिस

ओळखपत्रांचं अगदी खरं आहे. माझा एक सहकारी आबिदजानच्या आबोबो भागात वाढला, घरचे मूळ उत्तरेतले. त्याचे वडील कामावर जाताना खरं ओळखपत्र घरी ठेवायचे आणि खिशात झेरॉक्स न्यायचे. फाटलं तर झेरॉक्स फाटेल. हे तो जेवताना सहज सांगून गेला, मला मात्र पुढचा घास गिळवेना.

तो म्हणतो, भाषणाचं कौतुक जगाला, आमच्यासाठी मोठी गोष्ट होती बुआकेचा सामना. त्याबद्दल कुणीतरी लिहा ना.

रंकाळाकाठ

मीनलताई, मीच लिहितो. समझोत्यानंतर त्याच महिन्यात द्रोग्बा आफ्रिकेतल्या सर्वोत्तम खेळाडूचा चषक घेऊन बुआकेला गेला. बंडखोरांची राजधानीच म्हणा ना ती. तिथे जाहीर केलं की मादागास्करविरुद्धचा आफ्रिका चषक पात्रतेचा सामना आबिदजानला नाही, इथे होईल. ३ जून २००७ ला तो झालाही. मैदान खच्चून भरलेलं, प्रेक्षकांत सरकारी सैनिकही आणि बंडखोरही. राष्ट्रगीत दोघांचं एकच. ५-० जिंकले, शेवटचा गोल द्रोग्बाचा. पुढच्याच महिन्यात बाग्बो स्वतः बुआकेला आले आणि शस्त्रं पेटवून देण्याचा समारंभ झाला.

कोल्हापुरात पेठांच्या ईर्ष्येपायी सामन्याला पोलीस बंदोबस्त लावावा लागतो. तिथे खऱ्या बंदुका चालवलेली माणसं एकाच गोलवर उठून ओरडली, हे मला फार मोठं वाटतं.

जुनाजाणता

सगळं गोड गोड चाललंय, म्हणून थोडं कडू लिहितो. राग मानू नका.

एक. याच देशात, याच संघाला लष्कराने कोंडून ठेवलं होतं. डिसेंबर १९९९ मध्ये जनरल गेई सत्तेवर आला. २००० च्या आफ्रिका चषकात संघ पहिल्याच फेरीत गारद झाला, तर विमानतळावरून उचलून थेट लष्करी छावणीत नेलं. शिस्त शिकवायला! सत्ताधाऱ्यांना खेळाडू जिंकले तर मिरवायला हवेत आणि हरले तर ठोकायला.

दोन. २००५ मध्ये निवडणूक व्हायची होती, ती झाली २०१० च्या अखेरीस. वातारा जिंकले, बाग्बो हटेनात, आणि सुमारे तीन हजार माणसं मेली. दुएकुएमध्ये तर कत्तल झाली. बुआकेच्या त्या सुंदर सामन्यानंतर चारच वर्षांनी! तेव्हा ते एकत्र ओरडलेले सैनिक कुठे होते?

तीन. २९ मार्च २००९. आबिदजानच्या स्टेडियमात मलावीविरुद्धचा सामना, द्रोग्बाला बघायला झुंबड, चेंगराचेंगरीत १९ जण गेले. हा व्हिडिओ कुणी फॉरवर्ड करत नाही.

खेळ मला आवडतो, तो संघही आवडायचा. पण शांततेचं श्रेय खेळाला द्यायला लागलो की ज्यांनी युद्ध केलं ते नामानिराळे राहतात.

बाळ्या_मिडफिल्ड

काका, मुद्दा पटला. पण २०११ नंतर द्रोग्बा सत्य आणि सलोखा आयोगात सदस्य होता. म्हणजे व्हिडिओपुरता नव्हता तो.

जुनाजाणता

बाळ्या, द्रोग्बाच्या मनाविषयी मला तिळमात्र शंका नाही. माझी तक्रार त्या फॉरवर्डच्या ओळीविषयी आहे, आणि रंकाळाकाठ यांचीही तीच दिसते.

म्हापशेकार

थोडं अवांतर. जॉर्ज वेआचं नाव अजून कसं आलं नाही? लायबेरियाचा. १९९५ चा बॅलन डी'ओर (वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा किताब) जिंकलेला, आफ्रिकेतला आजवरचा एकमेव. देशात यादवी, फुटबॉल संघटनेकडे पैसे नाहीत, तर राष्ट्रीय संघाची तिकिटं, कपडे हा बाबा स्वतःच्या खिशातून द्यायचा. १९९६ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी लायबेरियात हस्तक्षेप करावा असं बोलला, तर मोनरोव्हियातलं त्याचं घर जाळलं. २००२ च्या विश्वचषकाला लायबेरिया एका गुणाने हुकली, नायजेरिया पुढे गेली. पुढे २०१८ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाला, २०२३ ची निवडणूक हरला आणि मतमोजणी पूर्ण व्हायच्या आधीच प्रतिस्पर्ध्याला फोन करून हार मान्य केली. माझ्या लेखी त्याचा सगळ्यात मोठा गोल तोच. त्या भागात खुर्ची सोडणारा नेता दुर्मिळ.

आमच्या गोव्यात आफ्रिकन स्ट्रायकर म्हणजे घरचेच. धेंपो क्लबचा रँटी, चर्चिल क्लबचा ओडाफा. दोघे नायजेरियाचे. त्यांच्या नावाने फातोर्ड्याला ओरडून आमचे घसे बसायचे.

कावेरी_सा

वेआचं घर जाळलं?! बापरे. आणि तरी परत जाऊन निवडणूक लढवली.

काजूवाला_वेंगुर्ला

मी इथे फक्त वाचत असतो, पण या धाग्यावर गप्प बसवेना. आमचा काजूचा कारखाना आहे. कोकणातला काजू वर्षभर पुरत नाही, त्यामुळे कच्चा माल आफ्रिकेतून येतो आणि त्यातला मोठा भाग आयव्हरी कोस्टचा. हंगाम फेब्रुवारीत सुरू होतो, तेव्हा मी बुआके-कोऱ्होगो भागात असतो. काम तसं रटाळ. गोदामात पोत्यांतून नमुना काढायचा, किलोभर बिया मोजायच्या, एकेक कापून आत गर किती, किडका किती, डागी किती ते वेगळं करायचं, आणि ८० किलोच्या पोत्यातून किती पौंड गर सुटेल त्यावर भाव ठरवायचा. कापून कापून बोटं चिकाने काळी होतात.

३ फेब्रुवारी २०२४ ला मी बुआकेत होतो. आफ्रिका चषकाचा यजमान देश आयव्हरी कोस्ट, आणि उपांत्यपूर्व सामना त्याच गावात, मालीविरुद्ध. आधी काय झालं होतं ते ठाऊक असेलच. गटात इक्वेटोरियल गिनीकडून घरच्या मैदानावर ०-४ मार, प्रशिक्षकाला नारळ, मोरोक्कोने झांबियाला हरवल्यामुळे कसेबसे पुढे. मग एमेर्स फाए नावाच्या साहाय्यकाला बसवलं आणि त्याने गतविजेत्या सेनेगलला पेनल्टींवर बाहेर काढलं.

त्या दिवशी गोदामात दुपारनंतर एक पोतं हललं नाही. आमच्याकडचे हमाल, दलाल, ट्रकवाले बहुतेक उत्तरेचे, द्यूला बोलणारे. अर्ध्यांचे मामा-काका मालीत. आम्ही सगळे शेजारच्या उघड्या खानावळीत टीव्हीसमोर. कसाव्याचं अत्तिएके आणि तळलेला टूना समोर आला आणि तसाच गार झाला. पहिल्याच सत्रात मालीला पेनल्टी मिळाली, फोफानाने अडवली. मग मध्यंतराच्या तोंडावर आपला (हो, मी 'आपला'च म्हणतो) कोसूनू लाल कार्डावर बाहेर. दहा जण. ७१ व्या मिनिटाला मालीने गोल केला. माझ्या शेजारी आमचा वजनकाट्यावरचा म्हातारा बसला होता, त्याने टोपी डोळ्यांवर ओढून घेतली. ९० व्या मिनिटाला आदिंग्राने बरोबरी केली तेव्हा टेबलं उलटली. आणि अतिरिक्त वेळेच्या अगदी शेवटी, १२० मिनिटं उलटून गेल्यावर, ओमार दियाकितेने चेंडू आत ढकलला. जर्सी काढून धावला, दुसरं पिवळं कार्ड, बाहेर. कुणाला पर्वा नव्हती.

आता वरचं अश्विनीताईंचं वाचा. दियाकिते! वीस वर्षांपूर्वी ज्या आडनावाला 'तू मालीचा, परत जा' म्हणायचे, त्याच आडनावाच्या पोराने बुआकेत मालीला हरवलं. तो वजनकाट्यावरचा म्हातारा रस्त्यावर येऊन नाचत होता. मी त्याला गंमतीने विचारलं, मामाच्या गावाला आता काय सांगणार? तो म्हणाला, मामा मामाच्या जागी, मी इव्हुआरियन. त्या मैदानाचं नाव आता शांतता स्टेडियम आहे. २००७ च्या सामन्याची आठवण तिथले लोक वारीला गेल्यासारखी सांगतात.

पुढे काँगोला १-० आणि अंतिम सामन्यात नायजेरियाला २-१ हरवून चषक घरी राहिला. विजयी गोल सेबास्तियाँ आले याचा, कर्करोगातून उठून आलेला माणूस.

मीनल_पॅरिस

काजूवाले दादा, तुमचा प्रतिसाद मी सहकाऱ्याला फ्रेंचमध्ये करून सांगितला. त्याने फक्त विचारलं, अत्तिएके गार झालं म्हणजे या माणसाने नंतर खाल्लं की टाकलं?

काजूवाला_वेंगुर्ला

खाल्लं, खाल्लं. अन्न टाकत नाही आम्ही कोकणी माणसं. आणि टूना तर मुळीच नाही.

अश्विनी_ल

काजूवाले, या धाग्यावरचा सर्वोत्तम प्रतिसाद.

जुनेजाणते काका, तुमच्या दुसऱ्या मुद्द्यावर थोडं. अर्थशास्त्रज्ञांनी नेमका हाच प्रश्न तपासलाय. २०२० साली अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यूमध्ये आफ्रिकी फुटबॉलवर एक अभ्यास आला. राष्ट्रीय संघ महत्त्वाचा सामना जिंकल्यानंतरच्या दिवसांत विचारलं, तर लोक स्वतःची ओळख जमातीआधी देशाची सांगण्याची शक्यता वाढते. आणि आफ्रिका चषकाला जेमतेम पात्र ठरलेल्या व जेमतेम हुकलेल्या देशांची तुलना केली, तर पात्र ठरलेल्यांमध्ये पुढचे काही महिने हिंसाचार कमी दिसतो. काही महिने, हे महत्त्वाचं. तेवढ्या वेळात राजकारण्यांनी काही केलं तर केलं. २००७ मध्ये केलं, २०१० मध्ये केलं नाही.

जुनाजाणता

अश्विनी, 'काही महिने' हे मला मान्य. यावर आपलं जमलं. खेळ सवड देतो, निर्णय देत नाही.

बाळ्या_मिडफिल्ड

एक राहिलंच. ही मुलं घडली कुठे? आबिदजानच्या आसेक मिमोझा क्लबची अकादमी, १९९० च्या दशकात फ्रेंच प्रशिक्षक जाँ-मार्क गियू यांनी सुरू केली. तुरे बंधू, झोकोरा, दिंदान, एबुए, कालू, जेर्विन्यो सगळे तिथले. १९९९ मध्ये या अकादमीतल्या पोरासोरांना घेऊन आसेकने आफ्रिकन सुपर कप जिंकला, ट्युनिशियाच्या एस्पेराँसला ३-१ हरवून. म्हणजे बाहेर आडनावांवरून राजकारण पेटत होतं तेव्हा उत्तरेची, दक्षिणेची पोरं एकाच वसतिगृहात राहून अनवाणी सराव करत होती. मला वाटतं २००५ चं भाषण तिथे तयार झालं, जरी द्रोग्बा स्वतः तिथला नव्हता. तो पाच वर्षांचा असताना फ्रान्सला काकांकडे गेला.

म्हापशेकार

बाळ्या, हा मुद्दा फक्कड! अकादमी महाग असते म्हणून आपल्याकडे रडतात. तिथे काय निपजलं बघा.

कावेरी_सा

एक गोष्ट मनातून जात नाहीये. ते भाषण झालं ओमदुरमानला, आणि तिथे आज काय अवस्था आहे! एप्रिल २०२३ पासून सुदानमध्ये युद्ध पेटलंय. ओमदुरमानचे दोन मोठे क्लब, अल-हिलाल आणि अल-मेरीख, देशात लीगच नाही म्हणून मॉरिटानियाच्या लीगमध्ये जाऊन खेळले. आणि तरीही राष्ट्रीय संघ २०२५ च्या आफ्रिका चषकाला पात्र ठरला, घरचे सामने परक्या देशांत खेळून. त्यांच्याबद्दल कुणी चार ओळी लिहीत नाही, कारण त्यांच्याकडे द्रोग्बा नाही.

रंकाळाकाठ

कावेरीताई, सुदानवर स्वतंत्र धागा काढा, मी पहिला प्रतिसाद देईन. ओमदुरमानच्या क्लबांचं मला काहीच ठाऊक नव्हतं.

सगळ्यांचे आभार. ग्रुपवर त्या व्हिडिओखाली मी आता अश्विनीताईंचा घटनाक्रम आणि काजूवाले दादांचा प्रतिसाद, परवानगी असेल तर, चिकटवणार आहे.

काजूवाला_वेंगुर्ला

खुशाल चिकटवा.

जुनाजाणता

चिकटवताना एवढं जोडा. ऑक्टोबर २०२५ मध्ये आयव्हरी कोस्टमध्ये निवडणूक झाली. ज्या वातारांना एकेकाळी राष्ट्रीयत्वावरून अडवलं होतं, तेच चौथ्यांदा निवडून आले. आणि मुख्य विरोधकांपैकी तिजान तियाम यांचं नाव मतदारयादीतून काढलं गेलं, कारण त्यांच्याकडे फ्रेंच नागरिकत्व होतं. बाग्बोंनाही उभं राहू दिलं नाही. 'अस्सल कोण' हा प्रश्न कचेरीत अजून जिवंत आहे, मैदानावर भले सुटला असेल.

मीनल_पॅरिस

काका, म्हणूनच तो व्हिडिओ पूर्ण ऐकायला हवा. फॉरवर्डमध्ये गुडघे टेकलेले दिसतात, पण द्रोग्बा तिथे दोन गोष्टी मागतो. शस्त्रं खाली ठेवा ही पहिली. दुसरी, निवडणुका घ्या. सहकाऱ्याकडून मी ते वाक्य न् वाक्य समजून घेतलं. पहिली मागणी उशिरा का होईना बऱ्याच अंशी पुरी झाली. दुसरी सगळ्यांना उभं राहू देणाऱ्या निवडणुकीची आहे, असं तो सहकारी म्हणतो, आणि ती मागणी त्याच्या मते अजून उभी आहे.

रंकाळाकाठ

ही दुसरी मागणी ग्रुपवर सगळ्यात वर टाकतो. ती कुणालाच माहीत नाही.

बाळ्या_मिडफिल्ड

आणि २०२६ च्या विश्वचषकाला ते पात्र ठरलेत, अख्ख्या पात्रता फेरीत एकही गोल न खाता! गटात जर्मनी, इक्वेडोर, कुरासाव. या खेपेला गट तरी बरा आहे. सामन्यांचा धागा मी काढतो.